वाचक विचारतात : गाडी नेमकी केव्हा थरथरते?

पावसाळा सरल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांत एक तक्रार वारंवार दिसते, ती म्हणजे चालत्या गाडीला येणारे हादरे. बहुतेक पत्रांत हादरे कुठे जाणवतात हे तपशिलाने लिहिलेले असते, पण ते केव्हा येतात आणि केव्हा थांबतात याचा उल्लेख ओझरताच असतो. निदानाला उपयोग होतो तो या दुसऱ्या माहितीचा. म्हणून असा तपशील असलेली काही पत्रे निवडून येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे सात वर्षे वापरलेली पेट्रोल हॅचबॅक आहे. शहरात काहीही जाणवत नाही. परंतु समृद्धी महामार्गावर ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे गेल्यावर स्टिअरिंग थरथरू लागते आणि ११०च्या आसपास पुन्हा बरेच शांत होते. दोनदा अलाइनमेंट आणि एकदा बॅलन्सिंग करून झाले. आता लोअर आर्म, टाय रॉड एंड आणि शॉकअब्सॉर्बर असा सगळा संच बदलावा लागेल, असे गॅरेजमधून सांगण्यात आले आहे. हा सल्ला मानावा काय?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : एवढ्यात मानू नये. आपण दिलेले वर्णन, म्हणजे ठरावीक वेगाला सुरू होऊन त्यापुढे ओसरणारी आणि स्टिअरिंगमध्ये जाणवणारी थरथर, हे पुढच्या चाकांपैकी एखाद्याचा तोल बिघडल्याचे नेहमीचे लक्षण आहे. आपल्या गाडीच्या मापाचे, समजा १६५/८० आर १४चे चाक एका फेऱ्यात सुमारे १.९५ मीटर अंतर कापते; त्यामुळे ताशी ९० किलोमीटर वेगाला ते सेकंदाला साधारण १३ फेरे घेते. रिमच्या कडेला ३० ग्रॅम वजन जास्त असले, तर या वेगाला ते चाकाला सुमारे साडेतीन किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढते आणि ही ओढ सेकंदाला १३ वेळा दिशा बदलत राहते. वेग निम्मा केला की हा जोर पाव होतो. शहरातल्या चाळीस-पन्नासच्या वेगाला आपल्याला काही जाणवत नाही, त्याचे कारण हे आहे. चाक आणि त्याला धरून ठेवणारे सस्पेन्शन यांची स्वतःचीही एक लय असते आणि ती सेकंदाला दहा ते पंधरा कंपनांच्या आसपास पडते. झोक्याला त्याच्याच लयीत धक्का मिळाला की तो उंच जातो, तसे ८५ ते १००च्या दरम्यान होते. त्यापुढे जोर वाढत असला तरी लय जुळत नाही, म्हणून स्टिअरिंग शांत वाटते. दोष मात्र गेलेला नसतो, आणि चारचाकींसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असलेल्या त्या रस्त्यावर ‘वेगात गेले की बरे वाटते’ म्हणून गाडी पळवणे हा उपाय नव्हे.

अलाइनमेंट दोनदा करूनही फरक पडला नाही, यात आश्चर्य नाही. अलाइनमेंटमध्ये चाकांचे कोन जुळवले जातात. ते बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग वाकडे राहते किंवा टायर एकाच कडेने झिजतो. थरथरीवर अलाइनमेंट हा थेट उपाय कधीच नव्हता, तरीही आपल्याकडे प्रत्येक तक्रारीला पहिला इलाज म्हणून तोच केला जातो. चुकीच्या कोनांमुळे टायर महिनोन्‌महिने वेडावाकडा झिजला असेल तर त्या झिजेमुळे हादरे येतात हे खरे; पण मग अलाइनमेंट करूनही झिजलेला टायर झिजलेलाच राहतो.

सर्वांत आधी दोष चाकांचा की इंजिनाचा, हे ठरवावे. वर्दळ नसलेल्या सरळ रस्त्यावर ताशी ९० किलोमीटर वेग पाचव्या गिअरमध्ये धरावा आणि नंतर तोच वेग चौथ्या गिअरमध्ये धरून पाहावा. इंजिनाचे फेरे बदलले तरी थरथर तशीच राहिली, तर इंजिन, क्लच आणि इंजिनाची फाउंडेशन (इंजिन ज्यांवर बसवलेले असते ते रबरी आधार) ही संशयाच्या बाहेर गेली. उलट खात्रीसाठी गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये, पाचव्या गिअरला ९०च्या वेगात इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा जेथे असतो तेथपर्यंत रेस द्यावी. तेव्हा काहीही हलले नाही, तर चित्र स्पष्ट झाले. काही जण धावत्या गाडीची चावी बंद करून ही परीक्षा घेतात. तसे कदापि करू नये, कारण ब्रेकला मिळणारी मदत थोड्याच वेळात संपते आणि चावी फिरवण्याच्या नादात स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका असतो.

रस्त्याचाही हिशेब घ्यावा. सिमेंटच्या रस्त्यावर साधारण दर साडेचार मीटरला जोड कापलेला असतो. ताशी ९०ला गाडी असे सेकंदाला पाच-सहा जोड ओलांडते आणि त्यांचा ठकठक आवाज स्वतंत्रपणे मोजता येतो. चाकाची थरथर त्याच्या दुपटीहून जलद असते. नागपूरच्या सिमेंट रस्त्यांना सरावलेल्या माणसाला हा फरक लवकर कळतो. तरीही शंका असल्यास डांबरी रस्त्यावर तोच वेग धरून पाहावा.

यानंतरची परीक्षा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत बोलकी आहे. पुढची दोन्ही चाके मागे आणि मागची पुढे लावावीत. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर चाके त्याच बाजूला ठेवावीत, म्हणजे डावे डावीकडेच. मग त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जावे. स्टिअरिंग शांत होऊन थरथर सीटखाली आणि मागच्या फरशीवर आली, तर दोष चाकात किंवा टायरमध्ये आहे आणि तो आपण मागे नेला आहे, हे निश्चित झाले. स्टिअरिंग पूर्ववत हलत राहिले तरच हब (चाक ज्यावर बसते तो भाग), बेअरिंग, ड्राइव्ह शाफ्ट आणि आपल्याला सुचवलेल्या लोअर आर्म वगैरे भागांकडे वळावे. सैल बुश (सांध्यांतले रबर) किंवा टाय रॉड एंड (स्टिअरिंग चाकाला जोडणारा सांधा) यांच्यामुळे थरथर क्वचितच सुरू होते. चाकातून आलेली थरथर ते वाढवून स्टिअरिंगपर्यंत पोहोचवतात. असे भाग सैल असतील तर सुरक्षिततेसाठी बदलायलाच हवेत, परंतु मूळ तोल दुरुस्त न करता ते बदलले तर थरथर कमी होते, जात नाही, आणि दोन-तीन महिन्यांत आपण पुन्हा त्याच गॅरेजच्या दारात असता.

बॅलन्सिंग, म्हणजे रिमला छोटी वजने लावून चाकाचा तोल साधणे, झाले होते, असे आपण लिहिता. ते पुन्हा करावे, आणि या वेळी यंत्रापाशी उभे राहून करून घ्यावे. रिमची आतली बाजू आधी ब्रशने स्वच्छ झाली पाहिजे. जुनी वजने काढून टाकलेली असली पाहिजेत. चाक यंत्राच्या शंकूवर नीट मध्यावर बसले पाहिजे. वजने लावल्यावर चाक पुन्हा फिरवून दोन्ही आकडे शून्यावर आल्याचे पाहावे. त्यानंतर चाक सैल करून शंकूवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा कसावे आणि परत फिरवायला सांगावे. आता यंत्र पंधरा-वीस ग्रॅम दाखवू लागले, तर चाक मध्यावर बसलेच नव्हते आणि आधीचे शून्य खोटे होते. ही तपासणी करायला दुकानदार बहुधा कुरकुरतात, पण तिला फार तर पाच मिनिटे लागतात. एखाद्या चाकाला एकाच बाजूला साठ-सत्तर ग्रॅमपेक्षा अधिक वजन लागत असेल तर वजनांची माळ चिकटवत बसण्याऐवजी टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवून पाहावा. पुष्कळदा रिमचा आणि टायरचा दोष एकाच बाजूला आलेला असतो. पंक्चरसाठी टायरमध्ये द्रव ओतला असेल, तर तो काढून टाकल्याशिवाय कोणतेही बॅलन्सिंग टिकणार नाही. नायट्रोजन भरल्याने थरथर जात नाही, हेही जाता जाता नोंदवतो.

यंत्रावर चाक फिरत असताना त्याच्या कडेकडे पाहणे विसरू नये. टायरच्या माथ्याजवळ एखादी काडी स्थिर धरली की तिच्या आणि रबराच्या मधली फट एका जागी कमीजास्त होताना दिसते. हा फरक दीड मिलिमीटरच्या पुढे असेल तर रिम वाकलेली आहे किंवा टायर गोल राहिलेला नाही. तोल शून्य दाखवत असला तरी असे चाक उड्या मारणारच. वाकलेली रिम सरळ करता येते, चिरलेली मात्र बदलावीच लागते. बाहेरून अलॉय व्हील घेतली असतील आणि त्यांचे मधले भोक हबपेक्षा मोठे असेल, तर मधली फट भरून काढणारी कडी बसवलेली आहेत की नाहीत हेही पाहावे, नाहीतर चाक केवळ नटांच्या भरवशावर मध्यावर बसते.

एका बाबतीत मात्र थांबून विचार करण्याची सवलत नाही. थरथर अचानक सुरू झाली असेल, दिवसागणिक कमी वेगालाही जाणवू लागली असेल आणि टायरच्या माथ्यावर किंवा बाजूला हाताला फुगवटा लागत असेल, तर आतले तारांचे पट्टे सुटू लागलेले असतात. असा टायर नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४५च्या घरात असताना, तापलेल्या काँक्रीटवर फुटायला फार वेळ लागत नाही. त्या दिवशी स्टेपनी लावावी आणि महामार्ग टाळावा. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंकही वाचावेत. २३१९ असे लिहिले असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. आपली गाडी सात वर्षांची आहे आणि टायर मूळचेच असतील, तर लोअर आर्मसाठी बाजूला काढलेले पैसे टायरवर खर्च करावेत असे मी सुचवीन.

प्रश्न : संत्र्याच्या बागेत जाण्या-येण्यासाठी आणि क्रेट वाहण्यासाठी मागच्या चाकांवर चालणारी डिझेल गाडी वापरतो. पावसाळ्यानंतर ताशी ६०-७०ला संपूर्ण गाडी हादरते. शिवाय माल भरून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये निघताना खालून वेगळाच थरथराट येतो. मिस्त्री प्रॉपेलर शाफ्ट बदलायला सांगतात.
— एक शेतकरी वाचक, काटोल

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळे हादरे आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा दोन आहेत. पहिल्यासाठी मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी चारही चाकांच्या रिमच्या आतल्या बाजूला हात घालून पाहावा. आपल्याकडची काळी माती ओली असताना रिमच्या आतल्या खोबणीत भरते आणि वाळली की दगडासारखी घट्ट बसते. समोरून फवारा मारून धुतलेली गाडी चकचकीत दिसते, पण आतली माती तशीच राहते. तिचा हाताएवढा ढेकूळ सहज दोन-तीनशे ग्रॅम भरतो. तीस ग्रॅमचा परिणाम वर सांगितलाच आहे. लाकडी काडीने किंवा जुन्या ब्रशने ती खरवडून, भिजवून काढावी आणि मगच गाडी चालवून पाहावी. बांधावरून किंवा नाल्यातून जाताना रिम ठोकली गेली असेल तर तेही याच वेळी नजरेस पडते.

दुसरा हादरा, म्हणजे ओझे घेऊन उचलताना येणारा, हा मात्र प्रॉपेलर शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या, बाजूचा असू शकतो. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना उटी (अडसर) लावून, इंजिन बंद आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून शाफ्ट दोन्ही हातांनी धरावा व उलटसुलट फिरवून आणि वर-खाली हलवून पाहावा. क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या फिरत्या सांध्यात, खुळखुळ जाणवली, त्याच्या टोप्यांभोवती तांबूस गंजाची भुकटी दिसली किंवा मधल्या बेअरिंगचे रबर फाटलेले दिसले, तर दोष सापडला. बहुतेक वेळा क्रॉस किंवा मधले बेअरिंग बदलून काम भागते. शाफ्ट वाकला असेल किंवा त्यावरचे तोलाचे वजन तुटून पडले असेल तरच तो बदलण्याची वेळ येते. शाफ्ट उतरवण्यापूर्वी त्याच्या दोन्ही टोकांना आणि फ्लँजला रंगाची खूण करायला मिस्त्रींना आवर्जून सांगावे, कारण तो होता त्याच स्थितीत परत बसला नाही तर नवा क्रॉस घालूनही हादरे सुरू राहतात. क्रॉसला ग्रीसचे निपल असेल तर पावसाळ्यानंतर तेथे ग्रीस मारून घ्यावे. चिखलात चालणाऱ्या गाड्यांत ही साधी गोष्ट हमखास राहून जाते.

दोहोंतला फरक कानानेही ओळखता येतो. अशा गाड्यांत शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतो, म्हणून चाकाचा हादरा जाडाभरडा आणि शाफ्टचा बारीक, गुणगुणल्यासारखा असतो. आपला ६०-७०चा हादरा संपूर्ण गाडी हलवणारा आहे, यावरूनही संशय आधी मातीवर जातो.

प्रश्न : सहकुटुंब चिखलदऱ्याला जाऊन आलो. घाट उतरल्यापासून ताशी ७०-८०ला ब्रेक लावला की स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलते आणि पायाखाली पेडल धडधडते. ब्रेक न लावता गाडी एकदम व्यवस्थित आहे.
— एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : फक्त ब्रेकच्या वेळी येणारा हादरा पुढच्या डिस्ककडे, म्हणजे ब्रेकचे पॅड जिला आवळतात त्या चकतीकडे, बोट दाखवतो. ‘डिस्क वाकली’ असे सर्रास म्हटले जाते, परंतु प्रत्यक्षात बहुधा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, आणि मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांइतका फरकही पेडलवर जाणवायला पुरतो. घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरल्यास पॅड आणि डिस्क अतिशय तापतात. मग खाली पोहोचून ब्रेक दाबून गाडी उभी ठेवली की पॅडचे द्रव्य डिस्कवर एका जागी चिकटते आणि पुढे त्याच जागी पकड कमीजास्त होते. उतरताना दुसरा किंवा तिसरा गिअर ठेवून इंजिनाला गाडी रोखू द्यावी आणि ब्रेक थोडा वेळ ठाम लावून पूर्ण सोडावा.

आता डिस्कची जाडी मायक्रोमीटरने निरनिराळ्या जागी मोजून घ्यावी. डिस्कच्या कडेवर किंवा टोपीवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याच्या वर पुरेसा माल शिल्लक असेल तर लेथवर फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट कापून) घेता येते, नसेल तर दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड एकत्रच बदलावेत. नवी डिस्क बसवण्याआधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढावा. चाकाचे नट हवेच्या बंदुकीने एकामागून एक ठोकून न घेता समोरासमोरचे घेत, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापापर्यंत आवळावेत. असमान आवळलेले नट डिस्क किंचित तिरकी बसवतात आणि काही हजार किलोमीटरनंतर हीच तक्रार परत येते. जोरदार ब्रेक मारल्यावर किंवा निसरड्या जागी पेडल खरखर करत पायाला उलटे धक्के देत असेल, तर ते मात्र एबीएसचे (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) काम आहे. त्यात दोष नाही आणि अशा वेळी पाय उचलू नये.

प्रश्न : सिग्नलला थांबल्यावर, विशेषतः एसी चालू असताना, सीट आणि आरसा थरथरतो. गाडी चालू लागली की सारे ठीक. गाडी तीन सिलिंडरची आहे.
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : तीन सिलिंडरच्या इंजिनाची थोडी थरथर ही त्याची जन्मजात प्रकृती आहे, पहिल्या दिवसापासून आहे तेवढीच असेल तर खर्च करू नये. वाढली असेल तर इंजिनाची फाउंडेशन पाहावीत. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून आणि ब्रेक दाबून, चालकाने पहिल्या आणि मग रिव्हर्स गिअरमध्ये क्लच किंचित सोडावा व दुसऱ्याने बाजूला उभे राहून इंजिन किती उचलते ते पाहावे. समोर मात्र कोणीही उभे राहू नये. इंजिन ठळकपणे उसळले किंवा फाउंडेशनच्या रबराला तडे गेलेले दिसले, की उत्तर मिळाले. ते शाबूत असतील तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) साफ करून घ्यावी, कारण तेथे काजळी साठली की एसीचा भार येताच इंजिनाचे फेरे खाली घसरतात. थरथर एका लयीत नसून मधूनच इंजिन अडखळत असेल, तर प्लग आणि कॉइल तपासावीत. अशा वेळी इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला तर गाडी पुढे रेटू नये. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि काहीशे रुपयांच्या प्लगपायी हजारोंचा भाग निकामी होतो.

प्रश्न : माझ्या स्कूटरचे हँडल ताशी ४०च्या आसपास, वेग कमी होत असताना, डगमगते. हात घट्ट धरले की थांबते.
— एक वाचक, महाल

उत्तर : घट्ट धरून चालवत राहू नका. पुढच्या टायरची हवा आणि झीज पाहावी. मागे जड पेटी किंवा डिकीत वजन असेल तर ते काढून एक फेरी मारावी. नंतर स्कूटर मधल्या स्टँडवर घेऊन मागून कोणाला तरी दाबायला सांगावे, म्हणजे पुढचे चाक अधांतरी राहील. हँडल एका बोटाने हळूहळू फिरवताना ते बरोबर मध्यावर खाचेत अडकल्यासारखे वाटले, तर बॉल रेसर, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, झिजले आहेत. फोर्कची खालची टोके धरून पुढे-मागे ओढताना खटखट झाली, तर हेच बेअरिंग सैल आहे. सैल असेल तर आवळून भागते. खाच पडली असेल तर आवळल्याने हँडल जड होते आणि डगमग तशीच राहते, म्हणून पूर्ण संच बदलावा.